रेंज आणतो अँटेना, खाते केबल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात रेंज नाही म्हटले की ‘गच्चीवर बाहेरचा अँटेना लावा’ हा सल्ला ठरलेला. सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. अँटेना वर चढतो, तिथून दहा-पंधरा मीटर केबल खाली येते, रेघा जिथल्या तिथे राहतात आणि खापर अँटेनावर फुटते. पुष्कळदा अँटेनाने आपले काम नीट केलेले असते. त्याने मिळवलेले केबलने वाटेतच खाऊन टाकलेले असते. हे का होते आणि कसे टाळायचे, यासाठी हे पत्र. आकडे बरेच येतील, त्याला इलाज नाही. आकड्यांशिवाय अँटेना लावणे म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणे.

आधी त्या रेघांचा नाद सोडावा. किती सिग्नलला किती रेघा दाखवायच्या, हे प्रत्येक फोन बनवणारा आपापले ठरवतो. एकाच टेबलावर शेजारी ठेवलेल्या दोन फोनांत एकावर चार आणि दुसऱ्यावर दोन दिसणे अगदी शक्य आहे. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे एक मिलिवॉटशी ताडून डेसिबलमध्ये मोजलेल्या शक्तीत, असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनांत सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’ खाली सिम स्टेटसमध्ये तो सापडतो; आयफोनवर *३००१#१२३४५#* हा क्रमांक फिरवला की फील्ड टेस्टचा पडदा उघडतो. सिमवर चालणाऱ्या राउटरच्या पानावर तर तो ठळक लिहिलेला असतो. फोरजीमध्ये टॉवरच्या सिग्नलची ताकद सांगणारा आरएसआरपी नावाचा आकडा पाहायचा. तो उणे असतो, म्हणून लहान दिसेल तितका चांगला: उणे ८५ झकास, उणे १०० कामापुरता, उणे ११० च्या पलीकडे आवाज तुटू लागतो आणि उणे १२० म्हणजे कड्याचे टोक. त्याच्या शेजारी एसआयएनआर असतो. हा सिग्नल आणि गोंगाट यांतला फरक. २० च्या वर उत्तम, १० च्या आसपास ठीक, शून्याखाली गेला की आरएसआरपी कितीही चांगला असो, काम रखडतेच.

डेसिबलचा हिशेब तोंडी करता येतो. ३ डेसिबल वाढले की शक्ती दुप्पट, १० वाढले की दहापट. ६ डेसिबल म्हणजे मोकळ्या हवेत दुप्पट अंतर. उलटही तेवढेच खरे: वाटेत ३ डेसिबल गेले की निम्मी मिळकत गेली. हे एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे सगळे सोपे आहे.

काहीही विकत घेण्याआधी एक चाचणी करावी. घरातल्या नेहमीच्या जागी फोन टेबलावर ठेवून मिनिटभराने आकडा लिहून घ्यावा. मग तोच फोन गच्चीवर नेऊन चारही कोपऱ्यांत तेच करावे. फोन मुठीत आवळून धरू नये, कारण हात आणि अंग सिग्नल शोषतात. बँड, म्हणजे फोन ज्या वारंवारतेच्या पट्ट्यावर आहे तोही, लिहावा, कारण घरात फोन एका बँडवर आणि गच्चीत दुसऱ्यावर गेला तर तुलना आंबा आणि फणसाची होते. बँड ओळखायला सिग्नल दाखवणारे कुठलेही साधे अॅप पुरते: बँड २८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, ५ म्हणजे ८५०, ८ म्हणजे ९००, ३ म्हणजे १८००, १ म्हणजे २१०० आणि ४० म्हणजे २३००.

गच्चीवर घरापेक्षा १५-२० डेसिबल जास्त मिळत असतील तर दोष टॉवरचा नाही, भिंतींचा आहे. सळयांचा स्लॅब, पत्र्याचे छप्पर, धातूचा पातळ थर दिलेली उष्णतारोधक काच, यांतून सिग्नल आत येताना दमतो. त्या काचेने तर कधी कधी काँक्रीटपेक्षा जास्त नुकसान होते. अशा घराला मोठा अँटेना लागतच नाही, लहानसा अँटेना भिंतीबाहेर काढला तरी भागते. गच्चीवरही उणे ११८ च येत असेल तर मात्र उंची आणि ताकद दोन्ही लागतील. आणि गच्चीवर उणे ८० असूनही संध्याकाळीच सगळे मंदावत असेल, तर टॉवरवर गर्दी आहे. त्यावर अँटेना हा उपाय नव्हे. एसटी भरलेली असताना थांबा रुंद करून जागा मिळत नाही.

आता अडचण अशी, की हल्लीच्या फोनला बाहेरचा अँटेना जोडायची सोयच नाही. जुन्या काही फोनांना मागे रबराच्या बुचाखाली एक बारीक सॉकेट असे. ते दिवस गेले. फोनच्या पाठीवर चिकटवायचे ‘अँटेना स्टिकर’ विकले जातात, ते घेऊ नयेत. सोनेरी नक्षीचा तो कागद कुठेच जोडलेला नसतो. फोन ज्यात ठेवायचा अशा पाळण्यालाही मधली हवा ओलांडायला इतके डेसिबल मोजावे लागतात की नफा उरत नाही. म्हणून बाहेरचा अँटेना दोनच ठिकाणी नीट लागतो: सिमवर चालणाऱ्या, मागे अँटेनाची सॉकेटे असलेल्या राउटरला किंवा डोंगलला (सिम घालून संगणकाला खोचायचे यंत्र), किंवा लँडलाइनसारख्या दिसणाऱ्या सिमच्या टेबलफोनला. राउटर असेल तर खिशातला फोन घरातल्या वायफायवर टाकून ‘वायफाय कॉलिंग’ सुरू करायचे. फोन आणि मोबाइल कंपनी, दोघांनीही ती सोय दिलेली असायला हवी, हे राउटर घेण्याआधी पाहावे.

अँटेना निवडताना लांबीचा मोह नको. लहरीची लांबी मीटरमध्ये काढायला ३०० ला मेगाहर्ट्झने भागायचे. ९०० ला ती ३३ सेंटिमीटर, १८०० ला १६.७, २३०० ला १३. अर्ध्या लांबीचा डायपोल, म्हणजे एका रेषेतल्या दोन काड्यांचा साधा अँटेना, ९०० ला जेमतेम १६ सेंटिमीटरचा होतो. तेव्हा मीटरभर सळई उभी केली म्हणजे जास्त सिग्नल येतो, हा रेडिओच्या काळातला समज इथे चालत नाही. माशाच्या काट्यासारखा दिसणारा यागी अँटेना एका बँडपुरता बनवलेला असतो. ९०० चा यागी २३०० वर जवळजवळ शोभेची वस्तू. राउटर एकाच वेळी दोन-तीन बँड जोडून वापरत असेल, तर ७०० पासून २७०० पर्यंत चालणारा लॉग पीरियॉडिक, म्हणजे क्रमाने आखूड होत जाणाऱ्या काड्यांचा अँटेना, घ्यावा. त्याची ताकद साधारण ९ ते ११ डीबीआय (सर्व दिशांना सारखे पसरवणाऱ्या कल्पित अँटेनापेक्षा जास्तीचे डेसिबल) असते, यागीपेक्षा थोडी कमी, पण बँड बदलला तरी तो बावचळत नाही. जाळीची तबकडी २० डीबीआयच्या वर जाते. मात्र तिचा झोत इतका अरुंद असतो की वाऱ्याने खांब थोडा वळला तरी नेम चुकतो, आणि तो एक टॉवर बंद पडला की दुसरा दिसत नाही. बहुतेक घरांना लॉग पीरियॉडिकच योग्य, असे आमचे मत आहे.

दुकानातली खोकी ‘२८ डीबीआय’ असे छापून येतात, आणि आत तळहाताएवढी पट्टी असते. अँटेनाची ताकद त्याच्या आकाराला बांधलेली आहे. ९०० ला १० डीबीआय देणाऱ्या यागीची किंवा लॉग पीरियॉडिकची बांधणी सहसा अर्ध्या मीटरच्या आसपास असते. हातभरही नसलेल्या पट्टीवर २८ लिहिले असेल तर ते छापखान्याचे कर्तृत्व.

आता केबल. अँटेनाबरोबर खोक्यात जी पातळ काळी केबल येते, ती बहुधा आरजी-१७४ किंवा आरजी-५८ जातीची असते. आरजी-१७४ ही ९०० मेगाहर्ट्झला मीटरमागे सुमारे १ डेसिबल खाते. आरजी-५८ ९०० ला मीटरमागे सुमारे ०.५ आणि १८०० ला सुमारे ०.८. जाड एलएमआर-४०० ९०० ला ०.१३ आणि १८०० ला ०.१९. वारंवारता वाढते तशी प्रत्येक केबलची भूक वाढते. म्हणजे १० डीबीआयचा अँटेना गच्चीवर लावला, १८०० चा बँड आहे आणि आरजी-५८ ची दहा मीटर केबल खाली आणली, तर केबलने ८ डेसिबल खाल्ले. राउटरपाशी उरले २. राउटरबरोबर फुकट येणारी काळी दांडी साधारण २ डीबीआयचीच असते! भिंतीबाहेर आल्याचा आणि उंचीचा काय तो फायदा. एवढ्या मोठ्या अँटेनाचा स्वतःचा फायदा शून्य. पंधरा मीटर केबल असती तर तो तोट्यात गेला असता. कनेक्टरही प्रत्येकी ०.१ ते ०.२ डेसिबल घेतात, त्यामुळे जोडावर जोड, अॅडॉप्टरवर अॅडॉप्टर लावत जाऊ नये.

इथे एक अपवाद सांगायला हवा. केबल आणि उपकरण यांचा ओहममधला स्वभावरोध जुळावा लागतो; टीव्हीच्या डिशची आरजी-६ केबल ७५ ओहमची, राउटर ५० ओहमचा, म्हणून ती वापरूच नये, असे पुस्तकी उत्तर मिळते. प्रत्यक्षात ७५ आणि ५० च्या जोडावर फक्त ४ टक्के शक्ती मागे फिरते, म्हणजे ०.२ डेसिबलही नाही. आणि आरजी-६ ९०० ला मीटरमागे सुमारे ०.२, १८०० ला सुमारे ०.३ च खाते. म्हणजे ‘बरोबर’ ओहमच्या पातळ आरजी-५८ पेक्षा ‘चुकीच्या’ ओहमची आरजी-६ सरस ठरते. तिची मधली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते, त्याचीही चिंता नको. या वारंवारतेला प्रवाह तारेच्या कातडीवरूनच वाहतो. एलएमआर-४०० मिळत नसेल, किंवा बोटाएवढी जाड केबल वळवायला जागा नसेल, तर ती बेशक वापरावी. टीव्हीचा बूस्टर मात्र मध्ये लावू नये. तो एकाच दिशेने वाढवतो. राउटरचे टॉवरकडे जाणारे बोलणे तो अडवतो आणि जोडणीच तुटते. टीव्हीच्या स्प्लिटरचेही तसेच, दोन वाटा केल्या की प्रत्येकीत ३.५ डेसिबलच्या आसपास गेले.

तरीही खरा उपाय जाड केबल नव्हे. खरा उपाय असा की राउटरच वर न्यायचा. अँटेनापाशी, मीटरभर केबलच्या आत. तिथून खाली यायचे ते लॅन केबलने. लॅन केबलमधून अंक वाहतात, त्यांना १०० मीटरपर्यंत झीज नाही. उतरलेला डेटा खाली जसाच्या तसा मिळतो. खाली घरात एक साधा वायफायचा डबा लावला की झाले. ज्या ठिकाणी पाच मीटरपेक्षा जास्त केबल लागणार आहे, तिथे हीच मांडणी करावी असे आम्ही आग्रहाने सांगतो. अँटेना आणि राउटर एकाच पांढऱ्या डब्यात असलेले, पावसात टिकणारे तयार संचही मिळतात; ते याच विचाराने बनवलेले असतात.

यात फसायच्या जागा दोन. पहिली, वीज. १२ व्होल्टचा राउटर लॅन केबलमधूनच वीज देऊन चालवायची जुगाडी पद्धत आहे, आणि ती खाली टेबलावर उत्तम चालते. चांगल्या तांब्याच्या लॅन केबलच्या एका तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०८४ ओहम असतो. जायला दोन तारा आणि यायला दोन धरल्या तरी ३० मीटरला एकूण अडीच ओहम होतो. राउटरने १ अँपिअर ओढला की अडीच व्होल्ट वाटेत गळाले. वर पोहोचले साडेनऊ. राउटर सुरू होतो, दिवे लागतात, पण सिग्नल कमकुवत होऊन प्रक्षेपणाचा जोर वाढला की व्होल्टेज आणखी बसते आणि तो आपोआप बंद-चालू होतो. लोक सिम बदलतात, राउटर बदलतात. दोष केबलमध्ये असतो. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त लॅन केबल असेल तर गळती दीडपटीहून जास्त. म्हणून खालून २४ किंवा ४८ व्होल्ट पाठवावेत आणि वर राउटरपाशी कन्व्हर्टर लावून १२ करावेत. व्होल्टेज चौपट केले की अँपिअर पाव होतात आणि गळतीही पाव होते.

दुसरी जागा म्हणजे ऊन. घरातला राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो. बंद काळ्या डब्यात, उन्हात तो भाजून निघतो आणि दुपारी वेग मंदावतो. डबा पांढरा असावा, पाण्याच्या टाकीच्या किंवा कठड्याच्या सावलीत असावा आणि त्याला भोके असावीत ती फक्त तळाला. धातूचा डबा चालेल, पण मग राउटरच्या आतल्या वायफायची अपेक्षा ठेवू नये.

राउटरमागे सहसा अँटेनाची दोन सॉकेटे असतात. फोरजी दोन वाटांनी बोलते, आणि टॉवरवरचे अँटेने एक ४५ अंश उजवीकडे आणि एक ४५ अंश डावीकडे कललेले असतात. आपणही दोन सारखे अँटेने घ्यावेत, एक उजवीकडे आणि एक डावीकडे ४५ अंशांत तिरका करून, म्हणजे एकमेकांशी काटकोनात. त्यांच्यात अर्धा ते एक मीटर अंतर ठेवावे. दोन्हींच्या केबल सारख्या लांबीच्या घ्याव्यात, निदान एकाच जातीच्या. एकच अँटेना परवडत असेल तर तो ‘मेन’ लिहिलेल्या सॉकेटला लावावा. बऱ्याच राउटरांत प्रक्षेपण तिथूनच होते. दुसरे सॉकेट फक्त ऐकते. ऐकण्यापेक्षा बोलणेच अवघड असते, कारण टॉवरकडे वीस-चाळीस वॉट असतात आणि आपल्या फोरजी उपकरणाकडे ०.२ वॉट.

सॉकेटाच्या जातीबद्दल दोन शब्द. सिमच्या राउटरवर बहुधा एसएमए असते, घरातल्या वायफायच्या डब्यावर आरपी-एसएमए. आटे दोन्हींचे सारखे, त्यामुळे एकमेकांत घट्ट बसतात. पण एकात मधली पिन जिथे असते तिथे दुसऱ्यात भोक असते. दोन्हीकडे भोके आली तर आटे आवळूनही मधे हवाच उरते. सिग्नल शून्य, आणि बाहेरून सगळे व्यवस्थित. दोन्हीकडे पिना आल्या तर त्या एकमेकींवर आपटून वाकतात. म्हणून जोडण्याआधी डोळ्यांनी पाहावे: एकीकडे पिन, एकीकडे भोक. एसएमए बोटांनी आवळून मग किंचितसा पाना, पक्कड नको. डोंगलची टीएस-९ जातीची बारीक सॉकेटे याहून नाजूक. लोंबत्या केबलच्या वजनाने ती उखडतात, तेव्हा केबल आधी कशाला तरी बांधावी आणि मग खोचावी.

स्वतः कनेक्टर बसवणार असाल तर सगळा खेळ केबलच्या आवरणाखालच्या तारांच्या जाळीच्या एका केसात आहे. बाहेरचे आवरण कापताना ब्लेड जाळीला लागता कामा नये, आणि जाळी मागे दुमडल्यावर तिचा एकही धागा मधल्या तारेपाशी राहता कामा नये. केसाएवढी तार मध्ये टेकली की सगळे शॉर्ट. नुसती केबल, दोन्ही टोके मोकळी ठेवून, मल्टिमीटरने पाहावी: पिन आणि बाहेरच्या कड्यात जोड दिसू नये. हीच तपासणी अँटेना जोडून करू नये. कित्येक अँटेने बनावटीनेच आतून जोडलेले असतात, त्यांत शून्य ओहम दिसणे योग्यच असते. चांगला अँटेना या एका गैरसमजापायी भंगारात जातो.

खांबावर चढवताना दिशेची गल्लत होते. यागी असो की लॉग पीरियॉडिक, सर्वांत लांब काडी मागे, आखूड काड्या टॉवरकडे. लोखंडी खांब काड्यांच्या मधोमध येऊ देऊ नये. अँटेनाची मागची बाजू खांबाला धरावी, काड्या खांबाच्या पुढे मोकळ्या राहाव्यात. यागीच्या डब्याला पाणी गळायचे बारीक भोक असते, ते खाली यायला हवे.

नेम धरताना घाई करू नये. एकाने वर अँटेना फिरवायचा, दुसऱ्याने खाली राउटरचे पान उघडून बसायचे. एका वेळी १५ अंश फिरवायचे, मिनिटभर थांबायचे, कारण राउटर सरासरी दाखवतो. तीन वाचने लिहायची, मग पुढचे १५ अंश. १० डीबीआयच्या अँटेनाचा झोत पन्नास-साठ अंशांचा असतो, त्यामुळे याहून बारीक फिरवण्यात वेळ जातो, फायदा नाही. पूर्ण फेरी करावी. टॉवर दिसतोय त्याच दिशेला सर्वोत्तम आकडा येईल असे नाही. समोरच्या इमारतीवरून परावर्तित झालेला सिग्नल कधी थेट सिग्नलपेक्षा बरा निघतो. शेवटची निवड एसआयएनआर पाहून करावी, आरएसआरपी पाहून नव्हे. दोन टॉवर एकाच बँडवर एकमेकांना त्रास देत असतील तर आरएसआरपीत दोन डेसिबल कमी घेऊन दुसऱ्याकडे पाठ फिरवणे शहाणपणाचे. दिशा ठरल्यावर अँटेना खांबावर अर्धा मीटर वर-खाली करून पाहावा. जमिनीवरून, पत्र्यावरून उसळलेली लहर थेट लहरीत मिसळते. कुठे दोघी मिळून वाढतात, कुठे एकमेकींना खाऊन टाकतात. एवढ्याशा सरकण्याने पाच डेसिबल हाती लागू शकतात, तेही फुकट.

टॉवर लांब असेल तर भूगोलापुढे कुणाचे चालत नाही. सपाट भूमीवर ४० मीटर उंच टॉवर आणि ९ मीटरवरचा अँटेना यांची रेडिओ क्षितिजे, म्हणजे लहर पृथ्वीच्या वळणाआड जाण्याआधीचे टप्पे, मिळून साधारण ३८ किलोमीटर होतात. पण नुसती नजर पोहोचून भागत नाही. १० किलोमीटरच्या वाटेत ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीला अगदी मध्यावर सुमारे २९ मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते. तिच्यातली ६० टक्के, म्हणजे १७ मीटर तरी मोकळी हवी. म्हणून मधल्या टेकाडावरून टॉवरचे टोक दुर्बिणीतून दिसत असूनही सिग्नल मरतुकडा येतो. तिथे अँटेना मोठा करण्यापेक्षा खांब तीन मीटर वाढवणे बरे. टूजीला आणखी एक मर्यादा आहे: वेळेच्या हिशेबामुळे साधारण मांडणीत ३५ किलोमीटरपलीकडच्या फोनशी टॉवर बोलतच नाही, मग सिग्नल कितीही तगडा असो.

दोन अँटेने केबलने पाठीला पाठ लावून जोडायचे, एक बाहेर आणि एक आत, वीज नको, काही नको, ही युक्ती वारंवार सुचवली जाते. हिशेब पाहा. बाहेर उणे ८० आहे. बाहेरचा अँटेना १२ मिळवतो, केबल ३ खाते, आतला अँटेना ६ देतो: उणे ६५. पण आतल्या अँटेनापासून मीटरभर हवेतच ९०० ला साडेएकतीस डेसिबल जातात. मीटरवर उणे ९६ किंवा ९७, तीन मीटरवर उणे १०६. बाहेर सिग्नल दणदणीत आणि आत तळघर असेल, आणि टेबलाच्या एका कोपऱ्यापुरती रेंज हवी असेल, तरच हे उपयोगी. एरवी नाही.

हीच कमी भरून काढायला विजेवरचा बूस्टर येतो. तो दोन्ही दिशांनी ६०-७० डेसिबल वाढवतो, म्हणजे दहा लाख पट किंवा त्याहून जास्त. आतला अँटेना बाहेरच्याला ऐकू येता कामा नये. दोघांमधली अडवणूक बूस्टरच्या वाढीपेक्षा किमान १५ डेसिबलने जास्त हवी. नसेल तर माइक स्पीकरसमोर धरल्यावर जशी शिट्टी वाजते तशी तो मोबाइलच्या बँडवर वाजवतो आणि ती थेट टॉवरच्या कानात जाते. शिट्टी नाही वाजली तरी त्याचा सततचा खरखराट टॉवरला बहिरा करतो. आपल्या घरी पाच रेघा, आणि त्या टॉवरवरच्या बाकी सगळ्यांचे फोन तुटायला लागतात. म्हणून बहुतेक देशांत प्रमाणपत्र आणि मोबाइल कंपनीची संमती नसलेला बूस्टर बसवणे बेकायदा आहे. राउटरला नुसता अँटेना जोडला तर असा गोंगाट होत नाही. उलट चांगला सिग्नल मिळाल्यावर उपकरण आपले प्रक्षेपण आपण होऊन कमी करते.

विजेचे आणि पावसाचे सांगून थांबतो. खांब विजेच्या तारांपासून इतका दूर हवा की आडवा पडला तरी टेकणार नाही. खांबाला जाड तांब्याची तार लावून ती जमिनीत अर्थिंगपर्यंत न्यावी, केबल घरात शिरते तिथे तडितरोधक बसवून तोही त्याच अर्थिंगला जोडावा, आणि गडगडाट असताना खांबाला हात लावू नये. पावसाळ्यात मारा होतो तो जोडांवर. जोडाला आधी इन्सुलेशन टेपचा एक थर, मग स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप दुप्पट ताणून, खालून वर, निम्मी निम्मी चढवत. छपराची कौले जशी एकमेकांवर येतात तशी. वर पुन्हा काळ्या टेपचा थर. सिलिकॉन लावायचेच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारे नको, त्याचे आम्ल तांबे खाते. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी तिथेच टपकते. एकदा पाणी जाळीत शिरले की ते कापडात चढावे तसे आत चढत जाते. तो तुकडा वाळवून उपयोग नसतो, कापूनच टाकावा लागतो.

बसवल्या दिवशीचे आकडे, बँड आणि अँटेनाची दिशा राउटरच्या डब्याच्या झाकणावर आतून मार्करने लिहून ठेवावी. पुढे कधी आरएसआरपी ३-४ डेसिबलने उतरलेला दिसला आणि दिशा तीच असली, तर टॉवरकडे तक्रार करण्याआधी वरचा जोड उघडून पाहावा. पिन हिरवी पडलेली असेल तर पाणी तिथूनच शिरले आहे.

आपले,
बिनतारी यंत्रणा बसवणारे काही तंत्रज्ञ वाचक